दीड इंचाची जोडी

“घाबरतेस काय? फुंकरच आहे ती, चावत नाही. हात धर आणि मोज.”

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. बाबा गाडीच्या पुढे हँडल धरून वाकलेले, मी मागे धुराच्या पाइपाच्या तोंडाशी उकिडवी. किल्ली काढलेली. ते हँडल सावकाश फिरवायचे आणि माझ्या तळहातावर गार हवेची एकेक फुंकर यायची. सहा सिलिंडर, दोन फेऱ्या, सहा फुंकरी. एखादी अर्धवट आली तर पाइप कुठेतरी गळतोय. आमच्या दुकानात नवा पाइप बसवला की आधी ही मोजणी, मग किल्ली. बाबा गेले, दुकान माझ्याकडे आलं, रीत तीच राहिली. आता हँडल ठिणगीकाका मारतात. वेल्डिंग करून करून त्यांच्या एकाही शर्टाला अंगभर कापड उरलेलं नाही, म्हणून हे नाव.

त्या दिवशी आत्याची गाडी दुसऱ्या गाडीला बांधून आमच्या दारात आली. लांब नाकाची, सायीच्या रंगाची, सहा सिलिंडर एका ओळीत. आतोबांची गाडी. अकरा वर्षांपूर्वी कामावरून परतताना त्यांनी ती घराच्या फाटकाशी उभी केली आणि बसल्या जागीच गेले. आत्या तेव्हा भाजी आणायला गेली होती. परत आली तर हे असे, हात मांडीवर, मान जरा कलती. घरातल्या सगळ्यांना हे असंच माहीत होतं. तेव्हापासून गाडी ताडपत्रीखाली होती. आमच्या दारात पोचेपर्यंत तिचा पाइप पापडासारखा मोडून रस्ताभर सांडला होता. उरला होता फक्त एक सायलेन्सर, तारेला लोंबकळत.

“यांच्या वेळी यायचा तसा आवाज करून दे,” आत्या म्हणाली. “पुढच्या महिन्यात मी लेकीकडे जातेय, कायमची. त्याआधी एकदा ऐकायचाय.”

“एकदा ऐकायला एवढा खटाटोप?”

“रोज सव्वापाच वाजले की माझे कान टवकारतात गं. अकरा वर्षं झाली. आता तिकडे लेकीच्या घरातही टवकारत बसू का? एकदा खरा ऐकला की शांत होतील.” मग लगेच हसली. “म्हातारीचं खूळ समज. पण नीट कर. तुझ्या बापानं केलेलं काम होतं ते.”

“बाई, तुम्ही सांगाल तो सूर लावू,” ठिणगीकाका म्हणाले. “फक्त जोरात सांगा, मला ऐकू कमी येतं.”

“कमाल आहे! आवाज लावणारे तुम्ही, आणि ऐकणारी मी?”

“म्हणून तर तुम्हाला इथे बसवतोय!”

आत्या स्टुलावर बसली, पदर खोचला, आणि रोज येऊन बसू लागली.

लोकांना वाटतं पाइप जितका जाड तितकी गाडी मोकळी. तसं नसतं. जळलेली हवा गरम आहे तोवर धावते. फार रुंद वाट दिली की ती रेंगाळते, गार होते, जड होते आणि मागून येणारीची वाट अडवते. अरुंद दिली की गुदमरते. मापाची वाट म्हणजे हवेला घाईही नको आणि आळसही नको. मी हिशेब मांडला आणि दोन इंचांचा एकच पाइप घातला. सायलेन्सर सरळ पोटाचा, आत काचेची लोकर भरलेला. मोजणी केली, सहा भरल्या, नवी बॅटरी आणि ताजं पेट्रोल घालून किल्ली फिरवली. मला तरी गोड वाटला.

आत्यानं डोळे मिटून ऐकलं. “चांगला आहे. पण ही पाहुण्यांची गाडी झाली. आमची नाही.”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की इंजिनाला हवा बाहेर पडायची तोंडं दोन आहेत. बाबांनी स्वतः कापून वेगळी केलेली. पुढच्या तीन सिलिंडरांचं एक, मागच्या तिघांचं एक. मी शहाणपणा करून दोन्ही तोंडं एका पाइपात कोंबली होती. पुन्हा सगळं उतरवलं आणि दीड इंचाची जोडी घातली. आता पुढचा एक पेटला की मागचा, मागचा पेटला की पुढचा. मी दोन्ही पाइपांवर दोन तळहात धरले आणि काकांनी हँडल फिरवलं. उजवीकडे फुंकर, डावीकडे फुंकर. उजवा हाक मारी, डावा ओ देई. तीन हाका, तीन ओ.

काका थांबले. हँडल सोडून कंबर धरून उभे राहिले.

आणि दोन्ही तळहात हलकेच आत ओढले गेले.

बाळ दूध पिताना श्वास घेतं तेवढंच. मग सुटले.

“काका, हँडल मागे आलं का?”

“हँडलला माझा हातही नाही.”

इंजिन थांबताना एखादा पिस्टन दाबून परत सरकतो, त्यामुळे हवा मागे ओढली जाते. असं होऊ शकतं. मी तसं काकांना सांगितलं, आत्यालाही सांगितलं. आत्यानं स्टूल थोडं जवळ ओढलं.

आवाज तिला पटत आला होता, पण “जरा कोकलतोय” म्हणाली. म्हणून मी तो लोंबकळत आलेला जुना सायलेन्सर कापायला घेतला. आतली रचना बघून तशीच नवी जोडी करावी म्हटलं. अकरा वर्षं उभ्या गाडीचा सायलेन्सर. आत कोरडा गंज आणि कोळ्यांची घरं निघायला हवी होती. करवतीनं चिरला आणि दोन भाग उघडले. आत तीन कप्पे, आडव्या भिंती, भिंतींना बोटाएवढी भोकं, सगळं बाबांच्या हातचं. आणि भिंतींवर काजळी. ओली. मी बोट लावलं तर काळं पाणी बोटावरून मनगटाकडे ओघळलं. गाडी रोज थोडी थोडी चालली की अशी काजळी ओली राहते.

“ताडपत्रीला गळती असेल,” मी म्हणाले.

“ताडपत्री दर वर्षी नवी घालते मी,” आत्या म्हणाली.

तीन कप्प्यांची जोडी मी स्वतः बसवली. किल्ली फिरवली. आवाज आता कोकलत नव्हता. खाली, पोटातून, एखादा भला माणूस घरात शिरताना घसा साफ करतो तसा यायचा आणि मग सलग वाहत राहायचा. काकांनी पायातली चप्पल काढून उघडं पाऊल जमिनीवर ठेवलं. ते तळव्यानं ऐकतात. त्यांचा चेहरा उजळला.

आत्या स्टुलावरून उठली होती. कधी उठली ते आम्हाला कळलं नाही.

“हाच,” ती म्हणाली. “पण इथे नको. घरी घेऊन ये. मी आत बसते, दार लावून. तसाच यायचा तो.”

“दार लावून कशाला?” मी विचारलं. “तू तर फाटकात उभी असायचीस. आम्ही लहानपणी पाहिलंय.”

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. “आण तर खरं,” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी गाडी घेऊन निघाले. स्वच्छ संध्याकाळ होती, उन्हं भिंतींवर चढली होती, मुलं सायकली फिरवत होती. गाडी इतकी आनंदात चालत होती की मी स्वतःशीच गुणगुणू लागले. वळण घेतलं, फाटकाशी उभी केली, इंजिन चालू ठेवलं. घड्याळात सव्वापाच.

आत्याचं दार बंद होतं.

मी थांबले. दोन मिनिटं, पाच मिनिटं. खिडकीचा पडदा जरा हलला आणि तसाच राहिला. पडद्यामागे आत्या उभी आहे हे मला दिसत होतं. ती बाहेर येत नव्हती.

पुरे झालं असं वाटून मी किल्ली फिरवली.

इंजिन बंद झालं नाही.

जुन्या गाड्यांचं होतं असं. आत तापलेलं काहीतरी पेट घेत राहतं. चारदोन धक्के देतात, खोकतात, मग थांबतात. ही खोकली नाही. तसाच सलग, मायेचा आवाज. मी किल्ली काढून मुठीत धरली. बॅटरीची तार काढली. पेट्रोल येणारी नळी चिमटीत दाबून धरली, शंभरपर्यंत मोजलं.

आवाज येतच होता.

मी मागे गेले. पाइपांसमोर उकिडवी बसले. दोन तळहात धरले.

काहीच नाही.

ऊब नाही, वास नाही, फुंकर नाही. दोन्ही पाइप आवाज करत होते आणि दोन्ही पाइप गार होते.

दार उघडलं.

आत्या अनवाणी चालत आली. माझ्याकडे तिनं पाहिलंच नाही. गाडीच्या पुढच्या खिडकीशी थांबली, रिकाम्या सीटकडे बघत. तिचा आवाज एखाद्याची समजूत घालावी तसा होता.

“मी घरातच होते हो. भाजीला गेलेच नव्हते. तुम्ही आलात ते ऐकलं. गाडी चालू ठेवून वाट बघत बसलात, तेही ऐकलं. म्हटलं, बसू दे जरा. बराच वेळ बसले मी. मग गाडी आपली आपण बंद पडली, तरी मी उठले नाही.”

तिनं गाडीच्या दाराची मूठ दाबली आणि दार पूर्ण उघडून बाजूला सरकली.

आवाज थांबला.

मग गाडीची त्या बाजूची स्प्रिंग कुरकुरली. जड अंगाचं माणूस उतरलं की उचलते, तशी ती बाजू दोन बोटं वर आली. हळूच.

आत्यानं फाटक ढकललं. अर्धं नाही, सताड. एका माणसाला जागा देऊन ती त्याच्या डाव्या हाताला चालू लागली, पायरीपाशी सवयीनं थांबली, मग पुढे झाली. उंबरठ्यावर मात्र वळली आणि मला म्हणाली,

“सकाळी भांडण झालं होतं गं आमचं. कशावरून ते आता आठवतही नाही. निघताना मी म्हणाले होते, ‘मग राहा त्या गाडीतच.’”