लाल रेघ

ही गोष्ट खरी आहे. कुणाला पटवून देण्याचं त्राण आता मिनोरीत उरलेलं नाही. जे घडलं, तेवढंच इथे आहे.

तारीख सत्तावीस सप्टेंबर. जागा, नागानोच्या डोंगरांच्या पायथ्याचं एक लहानसं गाव. त्या पहाटे मिनोरीचे वडील ताकेओ स्वयंपाकघरात, भिंतीवरच्या नकाशासमोर, बसल्या जागी गेले.

हातात लाल पेन्सिल होती.

नकाशा त्यांच्या डोंगराचा. पानं आधी शिखरावर लाल होतात, मग ती लाली रोज थोडी थोडी खाली उतरते. डोंगराच्या मध्यावर एक जुनी सराई आहे. दर शरद ऋतूत ताकेओ रोज सकाळी सहाला तिथल्या मालकीणबाईंना फोन करायचे आणि एवढंच विचारायचे, "कुठवर आलंय?"

मग नकाशावर त्या उंचीला एक लाल रेघ ओढायचे.

रेघ सराईला टेकली, की त्यांनी आणि तोकिकोनं, म्हणजे मिनोरीच्या आईनं, दोन दिवस तिथे जायचं. बेत हा असा. एकतीस वर्षं जुना.

एकदाही गेले नाहीत.

आधी अंथरुणाला खिळलेली सासू. मग शाळेच्या मुदपाकखान्यातली तोकिकोची नोकरी. मग ताकेओंचे गुडघे. दरवर्षी तोकिको म्हणायची, "यंदा नाही जमायचं हो. पुढच्या वर्षी नक्की." ताकेओ मान हलवायचे आणि खोली नको म्हणून कळवायचे. मालकीणबाई चिडवायच्या, "तुमच्या खोलीइतकी विश्रांती आमच्याकडे कुणालाच मिळत नाही."

त्या वर्षी खोली एकवीस ऑक्टोबरची होती.

ओसाकाहून मिनोरी एकोणपन्नास दिवस आईपाशी राहायचं ठरवून आली. गेलेला माणूस तेवढे दिवस घर सोडत नाही, असं तिथे मानतात. फोटोपुढे रोज भात, मिसोचं सूप, उदबत्ती. येणारे-जाणारे. चहा. पुन्हा चहा. तोकिको दुपारी भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची. उठली की म्हणायची, "थकले गं मी."

एवढंच. रडली नाही.

दहाव्या दिवशी मिनोरीचं नकाशाकडे लक्ष गेलं.

ताकेओ गेले त्या दिवशी त्यावर एकच रेघ होती. शिखराजवळ.

आता... दहा होत्या.

तिला वाटलं, आईच ओढत असेल. मन रमवत असेल. दोन दिवसांनी आईनंच विचारलं, "तू का ओढतेस गं त्या रेघा? राहू दे की आता."

मिनोरीनं पेन्सिल कपाटात ठेवून कुलूप लावलं.

सकाळी नवी रेघ होती. खालच्या बशीत पेन्सिलीची ताजी सालपटंही होती.

पंधरा ऑक्टोबरला तिनं खोली रद्द करायला सराईत फोन केला. वडिलांचं नाव सांगताच मालकीणबाई म्हणाल्या, "अगं, आज सकाळीच तर आला होता त्यांचा फोन."

"आज?" मिनोरीनं विचारलं.

"रोज येतो. सहाच्या ठोक्याला. हल्ली विचारतसुद्धा नाहीत. नुसते धरून असतात. मीच आपली सांगते, आज दगडी देवळापर्यंत आलं, आज ओढ्यापर्यंत आलं. घसा बसलाय का गं त्यांचा?"

मिनोरीनं सांगितलं. तारीखही सांगितली.

मग मालकीणबाई हळूच म्हणाल्या, "मग मी रोज सांगतेय ते... कुणाला?"

दुसऱ्या दिवशी मिनोरी पावणेसहापासून ओसरीतल्या फोनसमोर बसून राहिली. सहा वाजले. कुणी आलं नाही. रिसीव्हर जागचा हलला नाही.

फक्त त्याची वेटोळ्यांची वायर... हलत होती. कुणीतरी नुकतीच सोडल्यासारखी.

स्वयंपाकघरात नवी रेघ होती.

मालकीणबाईंनी सहाचा फोन उचलणं सोडलं. तरी रेघा थांबल्या नाहीत. एकवीस तारखेला रेघ सराईला टेकली. मिनोरीला वाटलं, संपलं. त्यांना पोचायचं होतं तिथे पोचले.

बावीसला रेघ सराईच्या खाली होती.

त्या नकाशावर सराईच्या खाली कधीच रेघ गेली नव्हती. खाली काय होतं? लाकडाची वखार. पूल. आणि अगदी तळाला, ताकेओंनी कधीकाळी ठिपका देऊन ठेवलेलं त्यांचंच घर.

मिनोरीनं एकटीनं हिशेब केला. रोज इतकं उतरलं तर...

चौदा नोव्हेंबर. एकोणपन्नासावा दिवस.

त्यानंतर बूट दिसायला लागले. तोकिकोचे डोंगरात चालायचे बूट, एकतीस वर्षं खोक्यात पडून असलेले. दारात नीट ठेवलेले, टोकं बाहेरच्या बाजूला. शेजारी ताकेओंचे. मिनोरी रोज उचलून ठेवायची. सकाळी पुन्हा दारात.

आत्याबाई आल्या तेव्हा त्यांनी ते पाहिले. "सुतकात कसले डोंगर हिंडायचे बेत? तो होता तोवर घरातून हलली नाहीस, वहिनी."

तोकिको बुटांकडे बघत म्हणाली, "तेच तर."

त्या रात्री मिनोरीनं आईला स्पष्टच विचारलं, "आई, तुला जायचंय का?"

"दमलेय गं," तोकिको म्हणाली. "तिथे म्हणे गरम पाण्याचं कुंड आहे. नुसतं बसून राहायचं. कुणाला चहा करायचा नाही."

मिनोरीनं तिचा हात धरला. बापाला धरता आलं नव्हतं.

चौदा तारीख उजाडली. रेघ घराच्या ठिपक्याला टेकली होती. अंगणातलं मेपलचं झाड काल हिरवं होतं. आता... एकही पान हिरवं नव्हतं.

सहाला फोन वाजला.

मिनोरी धावली. पण आई आधीच तिथे होती. कोट घालून. पायात बूट.

रिसीव्हर कानाला लावून ती ऐकत राहिली. पलीकडून काहीच येत नव्हतं, हे मिनोरीला दोन हातांवरूनही कळत होतं. फक्त कुणीतरी वाट पाहत होतं.

तोकिकोनं बाहेरच्या झाडाकडे पाहिलं. मग मिनोरीकडे. खूप वेळ.

"यंदा नाही जमायचं हो," ती फोनमध्ये म्हणाली. "पोर एकटी आहे. पुढच्या वर्षी नक्की."

तिनं रिसीव्हर ठेवला. खाली बसून बुटांचे बंद सोडले.

दुपारी अस्थी पुरल्या. संध्याकाळी मिनोरीनं नकाशा काढला, घडी करून ट्रंकेच्या तळाशी ठेवला. वसंतात फोनही काढून टाकला. ओसाकाची नोकरी सोडून ती इथेच राहिली. पुष्कळ दिवस काही झालं नाही.

यंदा सत्तावीस सप्टेंबरला नकाशा भिंतीवर होता.

शिखराजवळ एक रेघ.

मिनोरीनं तो जाळला. सकाळी तो तिथेच होता, चारही पिना जागच्या जागी. आता ती जाळत नाही. रोज सहाला उठते, आईच्या आधी स्वयंपाकघरात जाते.

तोकिकोनं या वर्षात एकदाही कुणाला "पुढच्या वर्षी" म्हटलेलं नाही. तिच्या बुटांना तेल लावून झालंय. डोळ्यांनी आताशा नीट दिसत नाही तिला. नकाशावरचं तर नाहीच.

आज सकाळी मिनोरी भात लावत होती. मागे आई येऊन बसली. पाठमोऱ्या मिनोरीला तिनं शांतपणे विचारलं,

"कुठवर आलंय गं?"

मिनोरीनं नकाशाकडे पाहिलं. रेघ पुलाच्याही खाली होती.

"वरच आहे अजून," ती म्हणाली. "खूप वर."

आई हसली. आणि अंगणातल्या झाडाकडे बघत राहिली.