फाट्यावरची डॉक्टर

एसटी धूळ उडवत पुढे गेली आणि कळसाडीच्या फाट्यावर रोशनी जागीच थबकली. समोर दोन बांबूंच्या मधोमध ती स्वतःच हसत होती. शेजारी फेटा बांधलेले तिचे वडील, आप्पा, खाली शुभेच्छुकांची रांग, आणि वर लालभडक अक्षरं – 'डॉ. रोशनी पितांबर पाटील यांचे हार्दिक अभिनंदन!'

डॉक्टर!

विद्यापीठात ती उपयोजित विज्ञान आणि तंत्रज्ञानात पीएच.डी. करत होती. विषय आपल्या नंदुरबारचाच – मिरची. सौरयंत्रात ती लवकर वाळली पाहिजे आणि लालही राहिली पाहिजे. आप्पांनी पाठवलेलं मिरचीचं पोतं वाळलं छान, पण पार काळवंडलं. समितीनं सरळ सांगितलं, "अजून एक हंगाम काम करा, मग प्रबंध द्या." त्याच संध्याकाळी आप्पांचा फोन आला – "झायं का वं बेटा?"

"हो आप्पा," म्हणाली ही. नाही म्हणायला बळ लागतं. ते त्या दिवशी समितीपुढेच संपलं होतं.

तिनं इकडेतिकडे पाहिलं. टपरी बंद, रस्ता रिकामा. बॅग खाली ठेवली आणि फ्लेक्सच्या सुतळीची गाठ सोडायला घेतली.

"ताई... ती गाठ दाताशिवाय सुटायची नाही."

मागे मोटारसायकलवर एक तरुण. कानावर पेन्सिल, हँडलला सुतळीचा गुंडा.

"सैल झाली होती," रोशनी म्हणाली. "वाऱ्यानं. मी... घट्ट करत होते."

"असं? मीच बांधलीय ती. आमच्याकडचा वारा फ्लेक्स फाडतो, पण गाठी सोडायला अजून शिकला नाही." त्यानं फ्लेक्सकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा फ्लेक्सकडे. "अरे! तुम्हीच की! मी योगेंद्र, शहाद्याला छपाईचं दुकान आहे. फोटोत किती छान हसताय हो. इथं काय झालं?"

"हे उतरवा ना. आत्ताच. कोणाला कळू न देता."

"फोटो आवडला नाही?"

"फोटो नाही हो..." इतका वेळ शुद्ध बोलणारी तिची जीभ एकदम घरच्या बोलीवर आली. "मी डॉक्टर नही शे. आजून नही."

जे बापाला सांगता आलं नाही, ते पहिल्यांदा सांगितलं कुणाला, तर अनोळखी फ्लेक्सवाल्याला! तो हसला असता तरी चाललं असतं. हसला नाही, म्हणून तिला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उतरवतो," तो हळूच म्हणाला. "पण सकाळी आप्पा विचारतील, तेव्हा काय सांगू? वारा? आणि रविवारी पारावर तुमचा सत्कार आहे. तेव्हा काय, वादळ?"

तिनं गाठीवरचा हात काढला.

"तुम्ही आप्पांना सांगा. मग ते म्हणतील तसं मी करतो. शिडी माझी, वर चिकटवायची पट्टी माझी... तोंड तेवढं तुमचं लागेल."

घरी आप्पा सत्काराच्या फेट्याला इस्त्री करत होते. रोशनीनं दारातच सगळं सांगून टाकलं, चप्पलही न काढता. इस्त्री हवेतच राहिली.

"मंग माले खोटं काब्र सांगं?"

"शरम वाटनी, आप्पा."

"आते माले वाटी ऱ्हायनी," एवढंच म्हणून ते ओट्यावर जाऊन बसले. जेवायलाही आत आले नाहीत. ती दाराआड उभी राहून त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. रागावले असते तर बरं, असं तिला वाटत होतं.

सकाळी मात्र त्यांनी टोपी घातली. "चाल. फाट्यावर."

"गाव जागं होण्याआधी आवरून येऊ का, आप्पा?"

"नही. लोके बठू दे टपरीवर. बोर्ड सगळासनी वाचा, दुरुस्तीबी सगळा वाचतीन."

रात्री आप्पांच्या फोनवरून पट्टी छापून आणलेला योगेंद्र शिडीवर चढला, आप्पांनी शिडी धरली. 'डॉ.'च्या अलीकडे एक लाल पट्टी चिकटली – 'भावी'. या फाट्यावर भावी सरपंच लटकले, भावी आमदार लटकले. भावी डॉक्टर ही पहिलीच!

टपरीवरून रूपचंद ओरडलाच. "काय आप्पा, डॉक्टर उतरनी का?"

सगळे हसले. रोशनीला वाटलं, समोरच्या उसात शिरावं आणि बाहेरच येऊ नये.

आप्पांनी मान वळवली नाही. "उतरनी नही रे. आजून चढी ऱ्हायनी."

पण शिडी त्यांनी आणखी घट्ट धरली. रोशनी पुढे झाली आणि तिनं दुसरी बाजू धरली. वरून योगेंद्रनं एकदाच खाली पाहिलं... एकदाच, पण जरा जास्त वेळ.

रविवारचा सत्कार आप्पांनी हंगाम संपेपर्यंत पुढे ढकलला. दुसऱ्या दिवशी ती परत निघाली तेव्हा एसटीच्या आधी मोटारसायकल आली.

"एक पट्टी जास्त छापली गेली," योगेंद्र म्हणाला आणि तिच्या हातात ठेवली. तसाच लाल रंग, तेच अक्षर – 'भावी'.

"आता ही कुठं लावायची?"

"ते... पुढचा शब्द तुम्ही सांगाल तसा छापतो." त्याचे कान मिरचीसारखे झाले होते. हा रंग यंत्रात टिकला असता तर प्रबंध कधीच झाला असता!

"तुम्हाला माहीत आहे ना, मी खोटं बोलते?"

"माहीत आहे. चांगलं जमत नाही तुम्हाला. म्हणून तर..."

एसटी येऊन थांबली. रोशनीनं पट्टीचा मागचा कागद सोलला, त्याच्या शर्टाच्या खिशावर ती नीट चिकटवली आणि तळव्यानं दाबली – जरा जास्तच वेळ.

"पुढचा शब्द हंगाम झाल्यावर सांगेन. खरा असेल."

ती खिडकीशी बसेपर्यंत टपरीवर कुणीतरी विचारलंच, "योगा, भावी कोन रे तू?"

एसटी हलली तरी त्याचं उत्तर तिला ऐकू आलं –

"माहीत नही भो... पन शे!"