तेविसावा खांब

मृणाली पडली ती थेट पावांवर.

फणसोपच्या वळणावर एक म्हैस रस्त्याच्या मधोमध विचार करत उभी होती. मृणालीने ब्रेक दाबला, सायकल थांबली, आणि जो पाय टेकायचा तो पेडलला पट्ट्याने बांधलेला आहे हे तिला आठवेपर्यंत उशीर झाला होता. ती सावकाश, अगदी ऐटीत, उजवीकडे कलली. उजवीकडे एका पाववाल्याची सायकल स्टँडवर उभी होती आणि कॅरियरवर निळ्या प्लॅस्टिकखाली गरमागरम, गुबगुबीत पाव होते. होते, असंच म्हणायला हवं.

"लागलं का?" पाववाला धावत आला.

"मला नाही... पावांना लागलं असेल."

"अहो, पाय नाही का टेकायचा?"

"अडकला होता."

"कुठला?"

"खोटा."

हे ऐकलं की लोक 'अरेरे' म्हणायचे आणि आभाळाकडे बघायला लागायचे. या माणसाने मात्र आधी खोट्या पायाकडे नीट पाहिलं, मग दुसऱ्याकडे.

"मग खरा काय करत होता?"

एकोणिसाव्या वर्षी अपघातात गुडघ्याखालचा पाय गेला, त्याला आता पाच वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. तिला राग आला. मग हसू आलं. ते लपवायला ती पट्टा सोडवत बसली, आणि तो काही केल्या सुटेना.

"फणसोपात आज पावांऐवजी पोळ्या," तो चपट्या पावांकडे बघत म्हणाला, आणि पोंगा वाजवत निघून गेला.

दिव्यांगांच्या सायकल शर्यतींसाठी राज्याची निवड चाचणी नोव्हेंबरात पुण्याजवळ होती. एकेकाला सोडणार, दहा किलोमीटर, बावीस मिनिटांच्या आत. मृणालीने अर्ज भरला तेव्हा ती जिल्हा ग्रंथालयातली पुस्तकं सोडून आयुष्यात कशाच्याच मागे लागलेली नव्हती. पण एकदा लागली ती लागली. सायकलला वेग दाखवणारं मीटर होतं, पण त्यात बघता बघता ती एकदा चिऱ्यांच्या ढिगात घुसली आणि मीटरचा भुगा झाला. तिचे बाबा राजाभाऊ एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, सत्तावीस वर्षं याच पावस रस्त्यावर. त्यांनी जाहीर केलं, "नवीन मीटर चाचणीनंतर. गाडी चालवणाराने काट्याकडे नाय, रस्त्याकडे बघायचं!" रोज सकाळी साडेसहाला भाट्ये पुलावर ते तोंडाने "टिंग टिंग" करत तिला डबल बेल देत, तिचा फोन स्वतःच्या खिशात टाकत आणि टपरीवर चहाला बसत.

आता वेग मोजायचा कशाने? तर पाववाल्याने!

तो साडेसहाला पावसहून निघायचा, ती भाट्याहून. मधे कुठेतरी दोघं समोरासमोर यायची. त्याच्या पोंग्यावर लोक घड्याळ लावतात अशी त्याची ख्याती होती. म्हणजे भेट जितकी पावसच्या बाजूला, तितका आपला वेग जास्त, असा साधा हिशेब तिने मांडला. पहिल्या आठवड्यात ते फणसोपच्या शाळेशी भेटले, दुसऱ्यात गोळपच्या सड्याच्या, म्हणजे वरच्या खडकाळ पठाराच्या, चढाशी. तिसऱ्या आठवड्यात ती सड्यावर पोचली आणि तिथले विजेचे खांब मोजू लागली. पहिला खांब, दुसरा, चौथा...

थांबायची सोय नव्हती, त्यामुळे बोलणं व्हायचं ते एका वेळी एका वाक्याचं.

"आज पाव वाचले!" तो ओरडला.

"नाव काय तुमचं?" दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, तोवर तो मागे गेलाही.

"विनीत!" हे उत्तर तिसऱ्या दिवशी.

"सायकल का? स्कूटर घ्या की!"

"गिऱ्हाइकं म्हणतात, पावाला पेट्रोलचा वास येतो!"

मग एका मंगळवारी, सातव्या खांबाशी, त्याने लांबूनच घसा खाकरला आणि शेजारून जाताना घाईघाईने विचारलं, "तुमचं... कुठे ठरलंय वगैरे का?"

आणि बुधवारी बेकरी बंद! 'नाही' हा एवढासा शब्द तिला दोन दिवस तोंडात धरून ठेवावा लागला. ग्रंथालयात तिच्या टेबलाशी येऊन एका आजोबांनी "नवीन दिवाळी अंक आले का?" म्हणून विचारलं, तर तिने इतक्या लाजत "नाही" म्हटलं की आजोबाच गोंधळले. गुरुवारी तिने तो शब्द सड्यावर एवढ्या जोरात फेकला की गवतातून एक टिटवी उडाली.

त्यानंतर 'तुम्ही'चं 'तू' झालं, आणि खांब भराभर मागे पडू लागले. बारावा, सोळावा, विसावा... प्रत्येक नव्या खांबाशी ती दोन्ही हात सोडून ओरडायची आणि तो तिच्याकडे बघत हसायचा. तेविसाव्या खांबाशी भेट झाली त्या दिवशी तिने ग्रंथालयात पेढे वाटून टाकले. चाचणीला अजून बारा दिवस होते, पण आपली निवड झाल्यातच जमा आहे याची तिला खात्री होती.

दुसऱ्या दिवशी फणसोपात विनीतकडून रोज पाव घेणाऱ्या यमुनाबाई रस्त्यात आडव्या आल्या. एका हातात चहाचा कप, दुसरा हात कमरेवर.

"थांब गो बाय माजे! तुज्या सायकलीपायी आमची चाय रोज कोरडी चाललीय, कळतंय काय?"

मृणालीने या वेळी पट्टा आधी सोडवला आणि मग पाय टेकला. "माझ्या सायकलीमुळे?"

"नायतर काय? पाववाला आदी सातला दारात हजर. आता सव्वासात झाले तरी पत्ता नाय! आमचा लवू बगून आला काल. तो सड्यावर सायकल लावून बसून ऱ्हातो, आणि लांबून तू दिसलीस की टांग मारतो!"

मृणालीने पट्टा पुन्हा आवळला. पुढचा सगळा चढ ती कशी चढली तिला कळलं नाही. सड्यावर विनीत नेहमीच्या झोकात समोरून आला, पण आज ती रस्त्यात सायकल आडवी लावून उभी होती.

"बसून राहतोस?"

त्याच्या चेहऱ्यावरूनच उत्तर कळलं.

"पहिल्यांदा खरंच चुकून उशीर झाला," तो म्हणाला. "चेन पडली होती. त्या दिवशी आपण दोन खांब अलीकडे भेटलो, म्हणजे माझ्या अलीकडे... आणि तू अशी काही हसलीस! मग मी रोज एक खांब मागे राहायला लागलो. मला वाटलं, एवढ्याशा उशिराने कुणी एवढं खूश होत असेल तर..."

"मी पेढे वाटले, विनीत!" ती ओरडली. "जो तो मला गोड बोलतो. चालले तरी टाळ्या, जिना चढले तरी टाळ्या. एक तू होतास... मला वाटलं, तू तरी खरा आहेस."

तो काहीतरी बोलायला गेला.

"उद्यापासून वेळेवर ये. घड्याळ म्हणून ये. माणूस म्हणून नको."

दुसऱ्या दिवशी तो वेळेवर आला. भेट झाली सहाव्या खांबाशी. सतरा खांब एका रात्रीत गेले. मृणाली घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली आणि चाचणीला जात नाही म्हणाली. राजाभाऊ दारातून म्हणाले, "गाडी लागलेली हाय. पाशिंजर नाय म्हणून गाडी रद्द होत नाय." एवढं बोलून ते सायकलला तेल घालायला गेले.

ती पुन्हा रस्त्यावर आली. विनीत रोज समोरून यायचा, सरळ नाकासमोर बघत, एक शब्द न बोलता. फक्त पोंगा वाजवायचा, तोही अर्धा. सातवा खांब, आठवा, नववा. हे खांब खरे होते आणि एकेका खांबासाठी जीव काढावा लागत होता. आपण त्याला गप्प केलं खरं, पण आता सबंध सडा सुना वाटतो, हे तिला अकराव्या खांबाशी कबूल करावं लागलं. अर्थात स्वतःशीच.

पुण्याला निघताना जीपमध्ये विनीत आधीच बसलेला होता.

"सायकल धरायला माणूस हवा," राजाभाऊ म्हणाले आणि गाडी सुरू केली. सबंध घाटात मृणाली एका खिडकीबाहेर बघत होती, विनीत दुसऱ्या. राजाभाऊ मात्र प्रत्येक वळणावर समाधानाने हॉर्न देत होते.

चाचणीच्या रस्त्यावर समोरून कुणी येणार नव्हतं. खांब होते, पण ते कुणाचेच नव्हते. मृणाली सुटली. अर्ध्या वाटेत खोट्या पायात घाम साचून तो आतल्या आत सरकू लागला, तसा तिने सगळा भार डाव्या पायावर घेतला. तोंडाला फेस आला. शेवटचा एक किलोमीटर तिला आठवतच नाही. तिने रेषा ओलांडली आणि राजाभाऊंनी सायकलसकट तिला धरलं.

"झालं, झालं! माझ्या घड्याळात एकवीस सत्तावन्न!"

बाजूला उभ्या असलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. "छान, छान!" कुणीतरी तिच्या पाठीवर थोपटलं. तिला त्यातलं काहीच नको होतं. गर्दीत विनीत वेळा लिहिलेल्या फळ्याशी उभा होता. तिने त्याच्याकडे पाहिलं.

"किती?"

राजाभाऊंनी त्याला डोळे वटारले. विनीतचा चेहरा पांढरा पडला होता, पण त्याने नजर वळवली नाही.

"बावीस मिनिटं नऊ सेकंद."

राजाभाऊ "हे घड्याळच एसटीचं" असं काहीतरी पुटपुटत पाणी आणायला गेले.

मृणाली फुटपाथवर बसली. ती रडली, आणि बराच वेळ रडली. विनीत शेजारी बसला. त्याने समजूत घातली नाही, 'पुढच्या वेळी' म्हटलं नाही.

"एवढं खरं बोलायची काय गरज होती?" शेवटी तिने नाक पुसत विचारलं.

"तूच म्हणालीस."

"दोन सेकंद तरी कमी सांगायचेस..."

"एकही नाही सांगणार. आता कधीच नाही." तो थांबला. "आणखी एक खरं आहे. आज सांगू, की..."

"सांग."

"माझं तुझ्यावर प्रेम आहे. विश्वास बसत नसेल तर यमुनाबाईंना विचार. अख्ख्या फणसोपला ठाऊक आहे, चहा कोरडा का गेला ते."

ती रडता रडता हसली, मग तिने पुन्हा डोळे पुसले.

"आज नको विचारूस काही. आज मी हरलेय. हरलेलं माणूस कशालाही हो म्हणतं."

"बरं. मग कधी विचारू? पुढची चाचणी फेब्रुवारीत आहे. तेव्हा?"

मृणालीने मनातल्या मनात महिने मोजले. डिसेंबर, जानेवारी... आणि मधले सगळे बुधवार. तिने त्याची बाही धरून ओढली.

"तोवर कोण थांबतंय? आत्ताच विचार."

त्याने विचारलं. आणि नऊ सेकंदांनी हरलेली मृणाली एका सेकंदात हो म्हणाली.