न तापलेला चुना

बुधवार, ९ नोव्हेंबर १९८३. सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी निफाडजवळच्या सहादू अण्णांच्या द्राक्षबागेत करपलेली पाने दिसली. एका एकरातल्या जवळजवळ सगळ्या वेलींची कोवळी पाने कडेने तपकिरी पडून आत वळली होती. शेजारचे दोन एकर हिरवेगार होते. करपलेल्या भागावर सोमवारी दुपारी फवारणी झाली होती. हिरव्या भागावर व्हायची होती.

आठ वाजता अण्णांनी निकाल देऊन टाकला. औषध पुंजारामने कालवले होते; त्याने मोरचूद जास्त टाकले, म्हणून पाने जळली. अकरा वर्षे बागेत काम करणाऱ्या पुंजारामला त्यांनी उद्यापासून येऊ नकोस असे सांगितले आणि निफाडहून चिमाजी नावाच्या माणसाला बोलावणे धाडले. शेजारच्या बागेत केवडा रोग शिरला होता, आभाळ भरलेले होते, त्यामुळे उरलेल्या दोन एकरांवर आज चार वाजता फवारणी व्हायलाच हवी होती. पुंजाराम माप चुकले नाही एवढेच म्हणाला आणि घरी गेला.

मोटारीच्या खोलीच्या ओट्यावर बसलेल्या तिघांनी हे ऐकले. मैना आणि केरू ही पुंजारामची मुले. मैना नववीत, केरू सहावीत. तिसरा वाल्मीक, अण्णांचा नातू. तोही नववीत, नाशिकला शिकणारा, दिवाळीच्या सुट्टीत आलेला. त्याच्या सरांनी सुट्टीसाठी रसायनशास्त्राचे चाळीस प्रश्न दिले होते. आठ दिवसांत त्याचे अकरा सुटले होते, त्यातले सहा मैनाने सोडवलेले.

वाल्मीकने वही मिटली.

"मिटू नको," मैना म्हणाली. "वाच पुढचा. नायतर मी इथंच रडत बसंन."

वाल्मीकने वाचले, "प्रश्न बारावा. कळीच्या चुन्यावर पाणी टाकल्यास मिश्रण का तापते?"

"पण तो तापलाच नव्हता," केरू म्हणाला.

दोघांनी त्याच्याकडे पाहिले. केरूने सांगितले ते असे. सोमवारी चुना कालवताना तो तिथे होता. दर वेळी चुना खदखदतो, पिंप बाहेरून गरम लागते, आणि हात लावला की बाबा ओरडतात. सोमवारी त्याने हात लावला, तर पिंप गारच होते. बाबांनी ते अण्णांना सांगितलेही. अण्णा म्हणाले, गार तर गार, आधी मागच्या वर्षीचे पोते संपव.

नऊ वाजून दहा मिनिटांनी तिघे शेडमध्ये होते. चुन्याचे पोते कोपऱ्यात उभे होते. तोंड उघडे, एक बाजू उसवलेली. सगळा पावसाळा ते तसेच राहिले होते.

वाल्मीकने वहीचे शेवटचे पान उघडून भराभर लिहिले. कळीचा चुना हवेतला ओलावा घेतो, मग हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, आणि हळूहळू त्याचे कॅल्शियम कार्बोनेट होते. म्हणजे पोत्यात चुना नव्हताच; होती खडूची भुकटी. मोरचुदाचे, म्हणजे कॉपर सल्फेटचे, द्रावण आम्ल असते, ते मारण्यासाठी त्यात चुना घालतात. खडू ते काम नीट करत नाही. आम्ल तसेच राहते आणि पाने जाळते.

"हे तू लिहिलंस. खरं कशावरून?" मैनाने विचारले.

"लिंबू आण."

केरू घरी पळाला आणि दोन लिंबे घेऊन आला. पोत्यातल्या चिमूटभर भुकटीवर लिंबाचा रस पडताच फसफस झाली. मग वाल्मीकच्या आजीने, विमलाबाईंनी, दिवाळीच्या रंगकामासाठी आणलेल्या झाकबंद डब्यातला ताजा चुना तिघांनी घेतला. त्यावर रस टाकला, तर बुडबुडा नाही. तोच थोडा चुना मडक्यात घेऊन लांबून पाणी ओतले, तर तो असा खदखदला की केरू दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

"घाबरला," वाल्मीक म्हणाला.

"नाय. बाहेरून बरं दिसतं."

पण मैनाचे समाधान झाले नव्हते. फवारणीआधी बाबा मिश्रणात लोखंडी विळ्याचे टोक मिनिटभर बुडवून बघतात, हे तिला माहीत होते. टोक तांबडे झाले तर चुना कमी. मग ते आणखी चुना घालतात. सोमवारीही त्यांनी बघितले होते. टोक स्वच्छ निघाले. चुना वाया गेलेला असता, तर विळ्याने ते सांगायला हवे होते.

"विळा नव्हताच," केरू म्हणाला. "विळा धार लावायला गेलाय लोहाराकडं. अण्णांनी त्यांचा चाकू दिला, नवा. चकचकीत."

वाल्मीकने कपाळावर हात मारला. नाशिकहून आणलेला तो चाकू त्याच्याच वडिलांनी अण्णांना दिला होता. न गंजणाऱ्या स्टीलचा. लोखंड द्रावणातले तांबे स्वतःवर ओढून घेते, पण या स्टीलवर ते बसत नाही. असल्या चाकूने वर्षभर तपासणी केली असती, तरी तो स्वच्छच निघाला असता.

आता हे अण्णांना दाखवायचे होते, आणि अण्णा तोंडी काही मानणारे नव्हते. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना, हे पुंजारामचे माप. शेडमधल्या तागडीचे सर्वांत लहान वजन पन्नास ग्रॅमचे. मग पाणी किती? वाल्मीक त्रैराशिक मांडेपर्यंत मैना पाच लिटर म्हणून मोकळी झाली होती. तिने प्लास्टिकच्या दोन बादल्या घासून ठेवल्या.

तीन वाजून पाच मिनिटांनी चिमाजी पंप घेऊन आला. अण्णा त्याला पोते दाखवत होते. वाल्मीक आडवा उभा राहिला.

"आजोबा, दहा मिनिटं द्या."

"शाळा नाशकात. इथं बाग आहे. बाजूला हो."

"बाग आहे म्हणूनच सांगतोय. पोत्यातला चुना वापरला, तर उरलेले दोन एकरही जळतील."

अण्णा थांबले. मैनाने त्यांच्यासमोर वजन केले. दोन्ही बादल्यांत सारखे पाणी, सारखे मोरचूद. एकीत पोत्यातला चुना, दुसरीत डब्यातला. पहिल्या बादलीत तिने अण्णांचा चाकू बुडवला. मिनिटाने तो स्वच्छ निघाला.

"झालं?" अण्णा म्हणाले.

"नाय, अण्णा. आता हे बघा." तिने दोन लोखंडी खिळे घासले, दोऱ्याला बांधले आणि एकेका बादलीत सोडले. अण्णांच्या मनगटावरच्या घड्याळाने मिनिट मोजले. डब्यातल्या चुन्याचा खिळा जसाच्या तसा निघाला. पोत्यातल्या चुन्याचा खिळा तांबडाभडक झाला होता.

चिमाजीने पंप खाली ठेवला. "अण्णा, ह्या पोत्याला मी हात लावायचो नाय. ज्यानं सोमवारी कालवलं, त्यालाच बोलवा. त्याचं माप बराबर हाय."

पोते संपव असे कोणी सांगितले होते, आणि चाकू कोणी दिला होता, हे अण्णांना कोणी विचारले नाही. ते सायकल काढून स्वतः पुंजारामच्या घरी गेले. दारात उभे राहून ते काय म्हणाले, हे केरूने नंतर सांगितले: "पुंजाराम, चूक माझी. उद्या नाही, आत्ता चल."

पुंजारामने आधी तोंडावर पाणी मारले, मग टोपी घातली. मैनाने बापाला सायकलच्या मागे बसून येताना पाहिले. मग ती खरोखरच थोडी रडली. वाल्मीकने त्या वेळी वहीत काहीतरी शोधत असल्यासारखे केले.

निफाडहून ताजा चुना आला. तो खदखदला. पुंजारामने खिळा बुडवून तपासणी केली, मग पुन्हा एकदा केली. चार वाजून चाळीस मिनिटांनी फवारणी सुरू झाली आणि दिवेलागणीआधी संपली. विमलाबाईंनी उरलेल्या चकल्या आणि चिवडा ओट्यावर आणून ठेवला.

"अकरा वर्षं विळा बुडवतोय, पण तो तांबडा का होतो ते मला कुणी सांगितलं नव्हतं," पुंजाराम म्हणाला. "पोरीनं सांगितलं."

"आणि मी विचारलंही नव्हतं," अण्णा म्हणाले. मैनाच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी तिला सांगितले की यापुढे चुन्याचे पोते बागेत आले की आधी तिने बघायचे, मग पुंजारामने. वाल्मीकचे उरलेले प्रश्न किती, हेही त्यांनी विचारले. अठ्ठावीस हे उत्तर त्यांना फारसे आवडले नाही.

शुक्रवारी दोन एकर हिरवेच होते. रविवारी, १३ नोव्हेंबरला सकाळी तिघांनी जळलेल्या एकरातल्या शंभर वेली मोजल्या. एकसष्ट वेलींवर नवे कोंब फुटले होते. तालुक्याचे शेती अधिकारी येऊन बघून गेले आणि आणखी आठ दिवस थांबा म्हणाले. त्या कोंबांना यंदा घड लागतील की नाही, ते त्यांनाही सांगता आले नाही.