शुद्धीत असताना सांग

तपासणी केंद्राची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच थांबली, तेव्हा आत आम्ही दोघंच होतो. सकाळपासून उपाशी असलेली मी, आणि सोनोग्राफीचं पाकीट हातात धरलेला तो.

"घाबरू नका," तो म्हणाला. "माझं कामच लिफ्ट दुरुस्तीचं. दहा मिनिटांत बाहेर असू."

"घाबरलंय कोण? भूक लागलीय."

तो हसला... आणि हसता हसता उजव्या बरगडीखाली हात दाबून वाकला. ती कळ मी बरोबर ओळखली.

"पित्ताशयात खडे?"

"तीन. तुमचे?"

"एकच. पण लिंबाएवढा."

"थापा!"

"बरं, सुपारीएवढा."

लिफ्ट सुरू झाली, तरी आम्ही जिन्यापाशी बोलत राहिलो. माझ्या ऑपरेशनची तारीख ठरली होती. मी पोहायला शिकवते. कळा सोसत पाण्यात उतरायचं नव्हतं मला. तो मात्र वर्षभर चालढकल करत होता.

"भूल देतात ना... त्याचीच भीती. लिफ्टच्या अंधारात रोज उतरतो, पण तिथे दोर माझ्या हातात असतो."

माझं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं. पोटावर चार छोट्या जखमा, दुसऱ्या दिवशी घरी. पोटात भरलेल्या वायूमुळे खांदा मात्र दोन दिवस ठणकत होता. तो रोज यायचा, अंगणात माझ्या चालीने हळूहळू चालायचा.

"बघा, जिवंत आहे मी," मी म्हणायचे. "आता तुमची तारीख?"

"बघू..." आणि तो माझ्याकडेच बघत राहायचा. मला राग यायचा, लाजही वाटायची.

आईने एकदा चहा गाळता गाळता म्हटलं, "मुलगा गोड आहे गं. पण स्वतःच्या दुखण्याकडे डोळेझाक करतो."

दीड महिन्याने मी पुन्हा तलावावर रुजू झाले. त्या सकाळी तो काठावर आला. उन्हात त्याचे डोळे पिवळेजर्द दिसले. कपाळाला हात लावला तर चटका बसला. तो थंडीने कुडकुडत होता.

"काही नाही, जरा अंगात कसर—"

"गप्प बस! तू आत्ता माझ्याबरोबर येतोयस."

पहिल्यांदाच 'तू' म्हणाले. दोघांच्याही लक्षात आलं.

एक खडा घसरून पित्तनळीत अडकला होता. डॉक्टरांनी आधी तोंडातून दुर्बीण घालून तो काढला. ताप उतरल्यावर पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. "आणखी उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं," त्यांनी सुनावलं. धावत आलेल्या त्याच्या ताईने डोळ्यांना पदर लावला. मी रडले नाही. त्याच्यासमोर रडायचंच नाही, असं ठरवलं होतं.

ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी त्याने माझी बोटं घट्ट धरली.

"शुद्धीवर आलो, की तुला एक सांगायचंय..."

"आत्ता सांग. गुंगीतलं बोलणं मी धरणार नाही."

ताईने घाईघाईने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"तू मला आवडतेस," तो म्हणाला. आवाज कापत होता, पण शब्द स्पष्ट होते. "लग्न करशील?"

"उत्तर बाहेर आल्यावर."

"हा अन्याय आहे!"

"असू दे. ऐकायला परत ये."

दार बंद झालं. तेव्हा कुठे मी ताईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.

दोन तासांनी त्याने डोळे उघडले. ओठ कोरडे, नजर अजून तरंगती. मला शोधलं आणि पुटपुटला, "उत्तर...?"

"हो," मी म्हणाले. आणि त्याला नीट ऐकू गेलं नसेल म्हणून, पुन्हा मोठ्याने, "हो!"