गाळलेलं वाक्य

दुभाष्याचं काम तसं सरळ. समोरच्याचं बोलणं जसंच्या तसं पोचवायचं. पदरचं घालायचं नाही, त्यातलं गाळायचं नाही. भौतिकशास्त्राची पदवी असूनही आजोळच्या डोंगरी भाषेच्या जोरावर तिला कोर्टात नोकरी लागली, तेव्हा मामा हसला होता, "म्हणजे बोलका पाइप झालीस की!"

त्या दिवशी पिंजऱ्यात शीतगृहाचा रखवालदार उभा होता. त्याने बाहेरून कडी घातली आणि आत सोबती गोठून मेला, असा आरोप. जेवणाची सुट्टी जवळ आली होती. रखवालदार आपल्या सुजलेल्या बोटांबद्दल, थंडीबद्दल लांबण लावत होता.

"मुद्द्याचं सांगा," न्यायाधीश तिच्यावरच खेकसले.

तिने भराभर आटोपतं घेतलं. त्यात एक वाक्य गेलं: 'हाक ऐकून मी परत धावलो, पण कडी बर्फाने धरली होती.' गेल्याचं तिला त्याच क्षणी कळलं. पण साहेब उठले होते.

पोलीस त्याला नेऊ लागले, तेव्हा त्याने डोंगरी भाषेत विचारलं, "ताई, सगळं सांगितलंत ना?"

तिने मान डोलावली.

संध्याकाळी आई भाजी निवडत बोलत होती. मध्येच आईचे ओठ हलले, आवाज आला नाही. पंख्याची घरघर मात्र चालूच होती. तिच्या कानाच्या पाळीला गार झुळूक लागली.

"काय म्हणालीस?"

आईचे ओठ पुन्हा तसेच हलले. मग स्वच्छ ऐकू आलं, "कान कुठे गहाण टाकलेस गं?"

तिने फोनवर आईचं बोलणं रेकॉर्ड करून पाहिलं. आईला सगळं ऐकू येत होतं. तिला त्याच जागी नुसती घरघर. कानाच्या डॉक्टरांनी कान ठणठणीत असल्याचं सांगितलं. तेही एक वाक्य मुक्यानेच बोलले.

निकालाच्या दिवशी ती उभी राहिली. खोलीत मरणाचं उकडत होतं.

"साहेब, यांच्या जबाबातलं एक वाक्य माझ्याकडून राहिलं. चूक माझी आहे."

"सांगा."

तिने सांगितलं.

न्यायाधीश वाट बघत राहिले. "अहो, सांगा ना."

ती ओरडून बोलली. घशाच्या शिरा ताणल्या. कारकून एकमेकांकडे पाहू लागले.

तिने कागद मागून घेतला, वाक्य लिहून पुढे केलं.

न्यायाधीशांनी तो उलटसुलट करून पाहिला. "कोरा आहे हा."

निकाल वाचला गेला. दहा वर्षं. तो रखवालदाराला समजावून सांगणं तिचंच काम होतं. तिने शब्द न् शब्द सांगितला. त्यातलं काहीच गळलं नाही.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"माझं ते वाक्य दोनदा सांगितलंत ताई," तो म्हणाला. "दोन्ही वेळा ऐकलं मी."

ती काहीतरी बोलायला गेली. त्या उकाड्यात तिच्या तोंडातून नुसती पांढरी वाफ निघाली.