हरणीच्या गळ्यातला पट्टा

दिवसाला पस्तीस लिटर दूध देणारी हरणी गाय, विऊन तीन महिने झाले तरी माजावर का येत नाही? आमच्या घरात सगळ्यांना हे कोडं पडलं होतं. मला मात्र त्याचं अर्धं उत्तर ठाऊक होतं आणि मी मूग गिळून गप्प होते.

"माजावरच येईना तर गाभण राहणार कशी?" पप्पा म्हणाले. "दूध हाय तवर गिऱ्हाईक मिळतंय. दुपारी टेम्पो येईल."

मीही मान डोलावली. ते आठवलं की अजून कान तापतात.

पप्पा वैरणीला गेल्यावर मी धारोबाकडे गेले. धारोबा म्हणजे आमचा धारा काढणारा यंत्रमानव.

"वसुबारसेला मी हरणीचा पट्टा काढून ठेवला होता," मी म्हणाले. गाईची बेचैनी मोजून तो पट्टा माजाची खबर देतो. पण झेंडूच्या माळेशेजारी फोटोत तो घाण दिसत होता. पुन्हा घातला तो दिवाळी संपल्यावर.

"शर्वरी, हे पप्पांना सांगितलंस?"

"रागावतील ना!"

"आणि हरणी गेली तर?"

विचारणारं यंत्र होतं, तरी मला मान वर करवेना.

"आता दुधालाच विचारू," म्हणत धारोबाने सकाळचं दूध तपासलं. "हे बघ. अंडाशयात बीज पिकताना इस्ट्रोजेन हे संप्रेरक (रक्तातून निरोप नेणारं रसायन) वाढतं. गाय हंबरते, अस्वस्थ होते. तोच माज. मग बीज सुटतं आणि त्या जागी पीतपिंड (एक पिवळी गाठ) तयार होतो. तो प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक सोडतो. ते दुधातही उतरतं."

"हरणीच्या दुधात आहे?"

"भरपूर! म्हणजे गेल्या पंधरवड्यात बीज सुटलंय. गर्भ राहिला नाही की गाठ विरते आणि साधारण एकवीस दिवसांनी पुन्हा माज येतो."

मी बोटांवर दिवस मोजले. बरोबर दिवाळीच, पट्टा गळ्यात नव्हता तेच दिवस.

"पण त्याआधी तर पट्टा गळ्यातच होता. तेव्हा का नाही कळलं?"

"व्याल्यानंतरचे पहिले माज मंदच असतात. त्यात ही खूप दूध देते, म्हणून खूप खाते. खाणं वाढलं की यकृतातून जास्त रक्त वाहतं आणि तिथे इस्ट्रोजेन भराभर मोडलं जातं. माज येतो, पण थोड्याच तासांचा, पट्ट्यालाही चुकवणारा. त्याला मुका माज म्हणतात."

ती बिचारी मुकी होती. मी तोंड असून गप्प होते.

टेम्पो यायच्या आत मी पप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातली वैरण गव्हाणीत टाकली. मग फोन लावून म्हणाले, "टेम्पो नगं." आणि माझ्याकडे न बघता, "चूक हुती माणसाकडनं. पर लपवायची व्हय? आता गोठ्यात तूच बसायचं, तिच्यावर नजर ठिवून."

ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी रोज गोठ्यात अभ्यासाला बसू लागले. नवव्या दिवशी पहाटे हरणीने शेजारच्या गाईच्या पाठीवर हनुवटी टेकली. क्षणभरच, पण ती माजाची खूण होती. मी धावत पप्पांना उठवलं आणि सकाळीच डॉक्टर येऊन रेतन करून गेले.

आता धारोबा दर तिसऱ्या दिवशी, कुणी सांगायची वाट न बघता, दूध तपासतो. यंदाच्या वसुबारसेच्या फोटोत हरणीच्या गळ्यात पट्टा आहे, त्यावर झेंडूची माळ आहे आणि पोटाशी तिची नवी कालवड आहे.

गेल्या वर्षीचा फोटो जास्त सुंदर आलाय. तो मी अजून कुणाला दाखवत नाही.